फी किती, हा दुसरा प्रश्न

बारावीचा निकाल लागला की गोव्यात घरोघरी एकच चर्चा: इथेच की बेळगाव, पुणे? मग लगेच फीचा आकडा. त्याआधी विचारायचे ते हे, की त्या कोर्समधून बाहेर पडणाऱ्या मधल्या विद्यार्थ्याला पगार किती मिळतो. ‘सरासरी पॅकेज’ इथे फसवते. दहापैकी नऊ जणांना वर्षाला ३ लाख आणि एकाला ३० लाख मिळाले तर सरासरी ५.७ लाख निघते, आणि तेवढा पगार वर्गात एकालाही नसतो. कॉलेजकडे मीडियन, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा आकडा मागा, शिवाय किती जणांना नोकरी लागली तो आकडाही. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

आता कर्ज. दरवर्षी २ लाख असे चार वर्षे उचलले, दर १० टक्के धरला. कोर्स ४ वर्षांचा आणि पुढे १ वर्ष हप्ता न भरण्याची सवलत. या काळात बँका सहसा सरळ व्याज लावतात आणि शेवटी ते मुद्दलात घालतात. पहिल्या २ लाखांवर पाच वर्षांचे व्याज चढते, पुढच्यांवर चार, तीन, दोन वर्षांचे, मिळून २.८ लाख. म्हणजे ८ लाखांचे १०.८ लाख झाले. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १४,२७० रुपये. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर हाच हप्ता १०,५७० वर येतो. पहिल्या वर्षी त्यासाठी महिन्याला १,६६७ रुपये लागतात, चौथ्या वर्षी ६,६६७. ‘नोकरी लागल्यावर बघू’ ही म्हणून महागडी सवय.

यात एक मेख आहे. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, मुद्दलाची नाही. रकमेला मर्यादा नाही, पण मुदत व्याज भरायला लागल्यापासून फक्त आठ वर्षांची. वडिलांनी पहिल्याच वर्षी भरायला सुरुवात केली की घड्याळ तेव्हापासून चालू. तरीही बहुतेक घरांना लवकर भरणेच परवडते.

साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. त्यापुढे सहसा घर तारण दाखवावे लागते आणि गोव्यात गाडी इथेच अडते. घर अजून आजोबांच्या नावावर, इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटून घेण्याची कोर्टातली प्रक्रिया) झालेली नाही, त्यात काकाची सही हवी, काकीचीही हवी, कारण इथल्या कायद्यात नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात. हे महिन्यात उरकत नाही. मूल अकरावीत असतानाच वकिलाला भेटा. सह-कर्जदाराचा सिबिल, म्हणजे आधीची कर्जे वेळेवर फेडली का हे दाखवणारा स्कोअर, तोही तेव्हाच काढून बघा. स्कूटरचे दोन थकलेले हप्ते मुलीच्या ॲडमिशनच्या आड येतात. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजनाही आहे. तिचे त्या वर्षीचे निकष पाहिल्याशिवाय बँकेत जाऊ नका.

इंजिनिअरिंगच करायचे असेल तर दहावीनंतर डिप्लोमा ही वाट लोक उगाच कमी लेखतात. तीन वर्षे पॉलिटेक्निक, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, म्हणजे आणखी तीन. अकरावी-बारावी आणि चार वर्षे पदवी यांचीही बेरीज सहाच. फरक इतकाच, की तिसऱ्या वर्षाअखेर हातात डिप्लोमा असतो. पैसे संपले, आजारपण आले, तर वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत अर्ज टाकता येतो. बारावी झालेल्याला त्या टप्प्यावर तो आधार नसतो. त्याची किंमत मात्र अशी: थेट प्रवेशाच्या जागा मोजक्या असतात आणि डिप्लोमाचे गुण घसरले तर ते दार बंद.

कागदांत सर्वांत जास्त वेळ खातो तो १५ वर्षांचा रहिवासी दाखला. निकालानंतर मामलेदार कार्यालयात गर्दी उसळते, म्हणून मार्चमध्येच चौकशी करा. नावेही जुळवून घ्या. वडिलांच्या जुन्या कागदांवर ‘पोरोब’ आणि मुलाच्या गुणपत्रिकेवर ‘परब’ असेल तर दोन्ही आडनावे एकाच माणसाची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून फाईलीत आधीच ठेवा.