दोन जाहिरातींच्या मधली जाहिरात

दूरचित्रवाणीमुळे आपल्या खर्चाच्या सवयी बदलतात, असे म्हणताना आपण दोष बहुधा जाहिरातींना देतो. माझ्या मते खरा प्रभाव मधल्या मालिकेचा असतो. जाहिरात लागली की कोणीतरी काहीतरी विकू पाहत आहे हे कळते आणि मन सावध होते; मालिका पाहताना ती सावधगिरी राहत नाही.

२०१३ मध्ये झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका सुरू झाली आणि तिच्यातील जान्हवीचे मंगळसूत्र पाहता पाहता तुळशीबागेतल्या दुकानांत येऊन पोहोचले. कोणी त्याची जाहिरात केली नव्हती. रोज संध्याकाळी ते एका आवडत्या मुलीच्या गळ्यात दिसत होते, एवढे पुरेसे ठरले.

मंगळसूत्राचा खर्च तरी मर्यादित असतो. लग्नाचे तसे नाही. हळद आपल्याकडे पूर्वीपासून आहे, पण वेगळी सजावट, वेगळे पोशाख आणि नृत्य बसवून घेणारा शिक्षक असलेली ‘संगीत’ची रात्र पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत रुजली, ती मुख्यतः चित्रपट आणि मालिकांमधून. आठवडेच्या आठवडे चालणारी अशी लग्ने पाहिली की तोच रिवाज वाटू लागतो आणि तो न पाळणे कमीपणाचे ठरते.

केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनुसार तासाभरात जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिराती दाखवता येतात. २०२२ पासून दिशाभूल करणाऱ्या आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. ती आवश्यकच आहेत. परंतु उरलेल्या ४८ मिनिटांत दिसणारी श्रीमंती कोणताही दावा करत नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रार तरी कशाची करणार? बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये याच शहरात ग्राहक पंचायत सुरू केली आणि ग्राहकाला वजन, माप, भेसळ यांबाबत जागरूक केले; खर्च करण्याची इच्छा कुठून आली, हे मात्र ज्याचे त्यालाच तपासावे लागते.

माझ्या भाचीच्या लग्नाच्या याद्या करताना आम्ही प्रत्येक कार्यक्रमापुढे थांबून, तो आपल्याला का हवा आहे, हे एकमेकांना विचारले. सीमांतपूजनावर कोणाचेच दुमत झाले नाही. संगीताचे कारण मात्र दोन्ही घरांत कोणालाच सांगता येईना, म्हणून ते वगळले. मेंदी भाचीला मैत्रिणींसाठी मनापासून हवी होती, ती राहिली.