चिंगीच्या मांडीतली पट्टी

मार्चमधल्या एका संध्याकाळी आमची मांजर चिंगी म्युनिकच्या घराच्या बाल्कनीतून खाली पडली. तिसरा मजला. धावत खाली गेले तर झुडपाला टेकून बसलेली, मागचा उजवा पाय लोंबत होता आणि तोंडातून आवाज नाही. मांजर दुखणं किती गिळतं, ते त्या दिवशी पाहिलं.

मला वाटलं, आता लगेच ऑपरेशन. पण डॉक्टरबाईंनी आधी छातीचा एक्स-रे काढला. उंचावरून पडलेल्या मांजराच्या फुप्फुसांना मार लागलेला असू शकतो, छातीत हवा भरलेली असू शकते. तशात भूल देणं जिवावर बेततं. म्हणून दोन दिवस ऑक्सिजन आणि वेदनाशामक. (घरातली पॅरासिटामॉल मांजराला चुकूनही देऊ नका, ती त्याला विषासारखी आहे.)

फोनवर आई म्हणाली, "अगं, आबांनी वासराच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या, चांगलं चालायला लागलं की! हिला नाही का चालणार तसं?" मी हेच डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी नीट समजावलं. कामट्या असोत की प्लास्टर, मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे जखडावे लागतात. नडगीला ते जमतं. चिंगीचं मोडलं होतं मांडीचं हाड. त्याच्या वर खुबा, तो बांधणार कसा?

मग स्टीलची पट्टी बसवली. २.४ मिलिमीटर जाडीचे आठ स्क्रू, एक्स-रेवर एका रांगेत. पट्टी हाड जोडत नाही, तुकडे जागेवर धरून ठेवते. जोडायचं काम हाडच करतं. इथे जनावरांच्या डॉक्टरांची फी सरकारी दरपत्रकाने ठरते, त्यात नोव्हेंबर २०२२ पासून वाढ झाली आहे. आमचा विमा नव्हता. दोन महिन्यांचं घरभाडं गेलं, पण त्याची हळहळ नाही.

खरी परीक्षा पुढचे सहा आठवडे. उडी नाही, जिना नाही, फक्त पिंजरा. रात्री दोनला ती जाळीवर पंजा घासायची, मी शेजारी चटई टाकून झोपायचे. भादरलेल्या मांडीवर आधी मखमलीसारखी लव आली, मग केस. सहाव्या आठवड्यातल्या एक्स-रेत फटीभोवती पांढुरका ढग दिसला. ते नवं हाड होतं.

आता बाल्कनीला कठड्यापासून छतापर्यंत जाळी आहे. इथल्या वरून तिरक्या उघडणाऱ्या खिडक्यांनाही बसवली, कारण त्या फटीत मांजरं अडकून चिरडतात. मांजर आणणार असाल तर आधी जाळी लावा, मग मांजर आणा.