टाळूवरची गाठ

दवाखान्याचं शटर नुकतंच वर गेलं होतं, तेवढ्यात ते दोघं आत आले. उद्यमनगरात लेथवर काम करणारे मामा, वय पंचावन्नच्या पुढं, आणि मागोमाग मावशी. खुर्चीत बसायच्या आधीच मामांनी पिशवीतनं एक फाईल काढली. जुने रिपोर्ट असतील म्हणून मी हात पुढं केला, तर निघाली विम्याची पॉलिसी आणि पासबुक.

"पोराला सगळं समजावून सांगितलंय," मामा म्हणाले.

झालं होतं असं, की आठवड्यापूर्वी मिसळीच्या कटानं टाळूला चटका बसला. जीभ सारखी तिथंच फिरायला लागली आणि मधोमध दगडासारखं काहीतरी लागलं. मग रात्री आरशासमोर तोंड वासून मोबाईलची बॅटरी, नेटवर शोधाशोध, जेवणावरची वासना गेली. रोगाचं नाव त्यांनी उच्चारलं नाही. "मावा सोडून चार वर्षं झाली, पण खाल्लेलं कुठं जातंय, डॉक्टर?"

गाठ होती खरी. बरोबर मधल्या रेषेवर, हाडासारखी टणक, वरची कातडी गुलाबी, जखम नाही. मानेत, जबड्याखाली चाचपलं, काही लागलं नाही. टाळूची दोन हाडं मधोमध जुळतात, त्या सांध्यावर काही लोकांचं हाड वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहतं. आम्ही त्याला टोरस म्हणतो. तो कॅन्सर नव्हे. कवळी नीट बसेना झाली तर घासून काढायचा, नाहीतर हातही लावायचा नाही.

"मग आत्ताच कुठनं उपटली?"

"होतीच की मामा. कटानं पत्ता दिला."

त्यांना पटलं नाही. पूर्वी मी "काही नाही, जावा घरी" म्हणून मोकळा व्हायचो आणि तोच माणूस चार दिवसांनी दुसऱ्या दवाखान्यात बसलेला कळायचा. जिभेला दातात अडकलेला तीळसुद्धा चिंचोक्याएवढा लागतो, तिच्याशी वाद घालून जिंकता येत नाही. शेवटी मीच आ केला आणि खालच्या जबड्यात आतल्या अंगाला दोन्हीकडं असलेली माझी हाडाची टेंगळं आरशात दाखवली. मामांनी ती निरखून बघितली आणि मग कुठं खुर्चीत पाठ टेकली.

मावशी खळखळून हसल्या. "आठ दिस घर डोक्यावर घेतलंय ह्यांनी!"

हसताना त्यांच्या खालच्या हिरड्या दिसल्या. काळपट.

"मावशी, मिसरी लावता?"

"सकाळ-संध्याकाळ. दातास्नी चांगली की."

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; मिसरी मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते आणि व्यसनात कुणी तिला धरत नाही. तंबाखू खाता का विचारलं तर या बायका ठाम "नाही" म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात.

मावशींना खुर्चीत बसवलं. खालचा ओठ ओढला, तर आत हिरडीच्या कडेला पांढरा, सुरकुतलेला चट्टा. गॉजनं पुसला, निघाला नाही. एका कडेला लाल झालेला, बोटाला किंचित कडक.

"दुखतंय?"

"छे."

"कधीपासून आहे?"

"काय कधीपासून?"

असे सगळेच चट्टे बिघडत नाहीत, पण लाल भागाचा तुकडा काढून तपासायलाच हवा, उशीर करून चालणार नाही, हे मी सांगितलं. ओरल सर्जनच्या नावानं चिठ्ठी लिहिली. मावशी ऐकताना मान हलवत होत्या, पण लक्ष घड्याळाकडं. दुपारी लेकीकडं जायचं होतं. "पुढच्या म्हैन्यात बघूया की," म्हणाल्या.

"उद्याच जायचं," मामा म्हणाले. पॉलिसीच्या फाईलीत त्यांनी चिठ्ठी घातली आणि हात पुढं केला. "डबी दे."

मावशींनी माझ्याकडं बघितलं, मग कनवटीची डबी काढली. "रिकामीच हाय."

मामांनी ती कानाशी नेऊन हलवली. रिकामी नव्हती.