इचलकरंजीची दोन दिवसांची फेरी: कॅम्ब्रिक घ्यायला गेले, पिक मोजून आले

मी घरी बाळांचे कपडे शिवते. झबली, टोपडी, दुपटी, क्वचित कुणाच्या बारशाला अंगडं. त्यासाठी पुण्यातल्या एका दुकानातून कॅम्ब्रिकचे, म्हणजे बारीक सुताच्या मऊ सुती कापडाचे, ताके आणायचे. गेल्या पावसाळ्यात आणलेल्या ताक्यातली झबली दोन धुण्यांत चाळणीसारखी झाली आणि तीन आयांनी ती परत आणून दिली. दुकानदाराचं उत्तर एकच: "मॅडम, कॅम्ब्रिक म्हणजे कॅम्ब्रिक. त्यात काय बघायचं?" वहिनीच्या मामांचे इचलकरंजीत आठ माग आहेत. त्यांना फोनवर सगळं सांगितलं, तर म्हणाले, "ते फाटकं झबलं घेऊन इकडंच ये की. मागावर बघितल्याशिवाय तुला कळायचं नाही."

आधी जायचं कसं ते सांगते. गावात रेल्वे नाही. जवळचं स्टेशन हातकणंगले, मिरज-कोल्हापूर मार्गावरचं, तिथून आठ-दहा किलोमीटर. पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. मी मिरजेला उतरले आणि एसटी धरली. कोल्हापूरहूनही एसटी भरपूर आहेत, साधारण तासाभरात पोचवतात. गाडीने येणाऱ्यांनी पुणे-बेंगळुरू महामार्ग सोडून वडगाव-हातकणंगले असं आत वळावं. आणि निघण्याआधी एक फोन जरूर करा. माग आठवड्यातून एक दिवस बंद असतात आणि तो दिवस रविवारच असेल असं नाही. मी न विचारता गेले आणि पहिला अर्धा दिवस कुलपं बघण्यात गेला. तेवढ्यात आपटे वाचन मंदिर बाहेरून बघून आले, ते एक बरं झालं.

मागांवरची संध्याकाळची पाळी सुरू झाली तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच आवाज आला. लांबून पाऊस पत्र्यावर पडतोय असं वाटतं. शेडच्या दारात गेलात की तो कानात राहत नाही, पायांतून वर चढतो. जमीन थरथरत असते. आत कुणी कुणाशी बोलत नाही, हातवारे आणि ओठ बघून सगळं चालतं. कानात घालायला कापूस सोबत न्या. त्याहून महत्त्वाचं: ओढणी, लांब पदर, मोकळे केस घेऊन आत जाऊ नका. पट्टे उघडे फिरत असतात. मामांनी मला दारातच ओढणी काढून पिशवीत टाकायला लावली. फोटोही विचारूनच काढा. मालकाला विचारून भागत नाही, मागावर उभ्या माणसालाही विचारा.

या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं पाठबळ होतं म्हणून तो टिकला. पंचगंगेकाठच्या जहागिरीच्या गावात आज मागांची संख्या लाखाच्या घरात आहे. त्यातले पुष्कळ मामांसारख्या खर्चीवाल्यांचे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, यांनी फक्त विणून द्यायचं आणि पिकावर मजुरी घ्यायची.

पिक म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी कळलं. धोटा, म्हणजे आडवं सूत वाहून नेणारा मागाचा भाग, उभ्या धाग्यांच्या मधून एकदा इकडून तिकडे गेला की एक आडवा धागा पडतो. तो एक पिक. कापडाच्या एका इंचात असे किती आडवे धागे आहेत, ते त्या कापडाचं पिक. इथल्या कामगारांची मजुरीही ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे इतके पैसे, असा पाया धरून ठरते. मामांनी बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडून दाखवला. साधा माग मिनिटाला दीडशे फेऱ्या मारतो असं धरा. एका मीटरमध्ये ३९.३७ इंच. ५२ पिकाचं कापड असेल तर मीटरला २,०४७ फेऱ्या, म्हणजे धागा एकदाही न तुटता साडेतेरा मिनिटांच्या वर. ८८ पिकाचं असेल तर तेवीस मिनिटं. "आता बघ," मामा म्हणाले, "कापड स्वस्त करायचं तर सूत चोरता येतं, नायतर वेळ. वेळ चोरलेली डोळ्यांना दिसत नाही."

मग त्यांनी माझं झबलं मागितलं. खिशातून पितळेचं घडीचं भिंग काढलं, त्याला पिक ग्लास म्हणतात. खाली एक इंच चौकोनी खिडकी, वर भिंग. ते कापडावर ठेवून सुईच्या टोकाने एकेक धागा सरकवत मोजायचं. दुकानदाराच्या बिलावर लिहिलं होतं ६० × ६०, ९२ × ८८. पहिली जोडी सुताच्या नंबराची, उभं आणि आडवं. दुसरी जोडी एका इंचातल्या धाग्यांची, तीही उभे आणि आडवे. मामांनी उभे मोजले: अठ्ठ्याण्णव. मी लगेच म्हटलं, अहो, हे तर जास्तच निघाले. ते म्हणाले, ब्लीचिंगमध्ये ४८ इंची ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं, कापड आवळून ४४-४५ इंचांवर येतं, उभे धागे जवळ येणारच. त्यात दुकानदाराचं काही कौतुक नाही. मग आडवे मोजले. दोनदा मोजले आणि भिंग माझ्या हातात दिलं. मलाही तेवढेच आले: शहात्तर. "प्रोसेसला लांबीत ताण बसतो, दोन-चार पिक कमी दिसतील. बारा नाही दिसत." बारा पिक म्हणजे मीटरमागे मागाची तीन मिनिटं. माझ्या झबल्यातून तीन मिनिटं गेली होती आणि मी पैसे मात्र तेवीस मिनिटांचे मोजले होते.

सुताच्या नंबराचं गणित उलटं आहे, तिथे नवखा माणूस हमखास चुकतो. एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात, तो सुताचा नंबर. म्हणजे नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. २० नंबर जाड, चादरी-शीटिंगला. ४० मध्यम, पॉपलिनला. ६० कॅम्ब्रिकला. ८० आणि १०० मलमलीला. पॉपलिनमध्ये उभे धागे आडव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, १३२ × ७२ अशी जोडी नेहमीची. त्यामुळे बोट फिरवलं की आडवी बारीक रेघ जाणवते. कॅम्ब्रिकमध्ये दोन्ही जवळपास सारखे. वॉईल आणि मलमल हातात एकसारखी वाटतात, पण वॉईलच्या सुताला पीळ जास्त, म्हणून ती किंचित खरखरीत आणि सुळसुळीत. मलमलीचा पीळ सैल, म्हणून ती मऊ. बाळाला मलमल घ्या. वॉईल साडीला, ब्लाऊजच्या अस्तराला ठीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायझिंग बघितलं. उभं सूत मागावर सतत घासतं, ताणतं, म्हणून त्याला आधी खळ चढवतात. मोठ्या हौदात स्टार्चची लापशी शिजत असते, हजारो धागे एकदम त्यातून बुडून निघतात, वाफेने तापलेल्या मोठ्या सिलिंडरांवर सुकतात आणि बिमावर, म्हणजे मागाला लावायच्या मोठ्या रुळावर, गुंडाळले जातात. वास थेट भाताच्या पेजेचा. मे महिन्यात आत दहा मिनिटं थांबवत नाही. जायचं तर थंडीत जा. मी एकदा ग्रे कापड तसंच आणून घरी रंगवलं होतं आणि त्यावर ढगांसारखे डाग पडले होते. ते का, याचं उत्तर त्या हौदात होतं. खळ काढल्याशिवाय सूत रंग पीत नाही. रंगवायला कापड हवं असेल तर "आरएफडी" मागा, ते खळ काढून, ब्लीच करून, रंगायला तयार केलेलं असतं.

तिथून वहिफणीच्या, म्हणजे मागासाठी उभे धागे ओवण्याच्या, कामावर. माझ्या लेखी संबंध फेरीतली ही सगळ्यात बघण्यासारखी जागा. ९२ धाग्यांचं ४८ इंची कापड म्हणजे ४,४१६ उभे धागे. मागावर नवी क्वालिटी चढवायची तर त्यातला प्रत्येक धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओवायचा. दोन माणसं समोरासमोर बसतात, एक धागा पुढे करतो, दुसरा आकडीने ओढून घेतो. बोलणं चालूच, मान खाली, आणि चूक नाही. एक धागा चुकला तर ताकाभर रेघ उमटते. नुसतं बघूनच माझे डोळे दुखले.

धोट्याचे साधे माग कमी होत चाललेत. मामांच्या गल्लीत दोन शेड रिकामे होते, माग भंगारात वजनावर गेले. त्यांची जागा रॅपियर आणि एअरजेट हे बिनधोट्याचे नवे माग घेतायत. एअरजेटमध्ये हवेच्या झोताने आडवा धागा पलीकडे जातो. वेग साध्या मागाच्या चौपट-पाचपट. विजेच्या दराचा विषय मामांकडे काढू नका, चहा गार होतो. कापड कुठल्या मागाचं हे ओळखायला काठ बघा. धोट्याच्या मागावर आडवा धागा काठाला वळून परत आत येतो, म्हणून काठ बंद आणि गुळगुळीत. नव्या मागांवर तो कापलेला असतो, बारीक झालर दिसते. एकात खोटं आणि दुसऱ्यात खरं असं काही नाही. पण दुपट्याला मी काठ तसाच ठेवते, शिलाई वाचते, म्हणून मला धोट्याचं हवं होतं.

आता खरेदीचं. मागवाल्याकडे कापड मिळत नाही, ते व्यापाऱ्याचं असतं. तुम्हाला व्यापारी किंवा दलालच गाठावा लागेल. आमच्यासारख्या एक-दोन ताकेवाल्यांना बरेच जण दारातच नको म्हणतात. ताका साधारण शंभर मीटरचा. तिघी-चौघी मिळून गेलात तर बोलणं सोपं जातं. बिलावर सूत, धागे, पन्हा, सगळं लिहून घ्या. नुसतं "कॅम्ब्रिक" लिहिलं तर त्या शब्दाला बाजारात काही अर्थ नाही. स्वस्तात हवं असेल तर फेंट, म्हणजे ताक्यातून उरलेले तुकडे, किलोवर मिळतात. टोपड्यांना तेवढं पुरतं. सुती आहे की पॉलिएस्टर मिसळलंय हे बघायला काडेपेटी जवळ ठेवा. दोन धागे काढून, दुकानाबाहेर उभं राहून जाळा. सुती कागदासारखं जळतं, राख बोटांत विरते. पॉलिएस्टर असेल तर टोकाला कडक गोळी होते. आणि पूर्ण ताका कापायच्या आधी एक मीटर तुकडा मोजून, धुऊन, वाळवून परत मोजा. प्रोसेसमध्ये ताणलेलं कापड पहिल्या पाण्यात आवळतं.

प्रोसेसवाल्यांकडे मला आत जाऊ दिलं नाही, आणि तिथून निघणारं पाणी नदीला काय करतं हा गावातला जुना वाद आहे. पंचगंगेवर घाटाशी जाऊन आले. उन्हात वास येत होता. शुभ्र ब्लीच कापड पिशवीत घेऊन तिथे उभं राहणं फारसं सुखाचं नव्हतं.

मामांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून दोन ताके घेतले. एसटीत शंभर मीटरचे ताके न्यायचा विचारही करू नका, ट्रान्सपोर्टला टाका आणि पावती जपा. पाच दिवसांनी ते पुण्याच्या गोडाऊनवर आले. तिथून घरापर्यंत रिक्षाच करावी लागली. रात्री भिंग काढून ताक्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीन ठिकाणी मोजलं: पंच्याऐंशी, शहाऐंशी, पंच्याऐंशी. दुसऱ्या ताक्यात मात्र दोन जागी मागाच्या तेलाचे काळे डाग निघाले. तेवढं अंतर सोडून टोपडी कापली.