छदाआडची मधुग्रंथी

आमच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, त्या आठवड्यात कपाटं नव्यानं लावायचं काम चालू होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लरच्या जुन्या वर्गीकरणाच्या क्रमातल्या शीट्स, म्हणजे नमुने चिकटवलेले कागद, एपीजी या डीएनएवर आधारलेल्या वर्गीकरणाच्या २०१६च्या मांडणीप्रमाणे हलवायच्या होत्या. माझ्या वाट्याला नतकणिशवाल्यांचं कपाट आलं. भूर्ज, ओक, अक्रोड, वाळुंज, सुरू, सगळे शेजारी शेजारी. बिनपाकळ्यांच्या एकलिंगी फुलांचे तुरे, म्हणजे कणिशं, बहुतेक लोंबती, एवढ्या साम्यावर ही मंडळी आदिम ठरली आणि द्विदलांच्या अगदी सुरुवातीला बसली.

भूर्जाच्या कव्हरमधून एक शीट निघाली. पान एकही नाही, नुसती डहाळी आणि चार नर कणिशं. चिठ्ठीवर ‘भूर्ज?’ एवढंच. मला आधी डहाळीवरचे डोळे, म्हणजे न उमललेले कोंब, खटकले. प्रत्येक डोळ्यावर टोपीसारखं एकच खवलं होतं, आणि भूर्जाला ती एकावर एक अशी अनेक असतात. मग एक फूल चिमट्यानं सोडवलं, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात उकळून मऊ केलं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं. भूर्जात एका छदाआड, म्हणजे फुलाखालच्या खवल्यासारख्या पानाआड, तीन फुलं असतात. इथे एकच फूल, दोन पुंकेसर. छद सुईनं बाजूला सारला तर तळाशी इवलीशी पिवळट गाठ. मधुग्रंथी, कीटकांसाठी मध पाझरणारी! नुसत्या वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडाला मध कशाला लागेल? हा वाळुंजाचा भाऊबंद, सॅलिक्स.

मी कितीतरी वेळ ती गाठच बघत बसले. या फुलांचा साधेपणा मूळचा नाही, वेगवेगळ्या घराण्यांत पाकळ्या वेगवेगळ्या वेळी झिजत गेल्या, हे मी वर्षानुवर्षं वाचत आले होते. त्या दिवशी ते डोळ्यांनी दिसलं.

दुपारी सॅलिक्सचा गठ्ठा उचलून कृष्णकमळ आणि एरंडाच्या गणात, मॅल्पिगिएलीझमध्ये नेला. गॅरिया या झुडपाची कणिशंही तशीच लोंबती, पण ती थेट पलीकडच्या दालनात, ऑक्युबा या त्याच्या नात्यातल्या झुडपाजवळ गेली. भूर्ज, ओक, अक्रोड आणि सुरू मात्र फॅगेलीझ या गणात एकत्रच राहिले. जुन्यांची नजर तिथे अगदी बरोबर होती, आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला.

शीटवरची जुनी चिठ्ठी काढायची नसते. तिच्या शेजारी मी माझी चिकटवली: ‘सॅलिक्स, नर’, खाली तारीख. उरलेलं फूल छोट्या पाकिटात घालून तिथेच कोपऱ्यात लावलं, पुढच्याला पुन्हा बघता यावं म्हणून.