तिसऱ्या रोपाची साक्ष

झाडे जमिनीखालील बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई-झाड आपल्या पिल्लांना अन्न पाठवते, अशा आशयाचे लेख आणि चित्रफिती आता मराठीतही भरपूर फिरतात. या साऱ्याला बळ देणाऱ्या मूळ प्रयोगाबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. मला तो प्रयोग त्याच्यावर रचलेल्या कथेपेक्षा कितीतरी अधिक मोलाचा वाटतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष ऑगस्ट १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मायकोरायझा हे नाव आपल्याकडील शेतकऱ्यांना जैविक खताच्या पुड्यांवरून परिचयाचे आहे. ही बुरशी झाडाच्या मुळांशी जोडून घेते, मुळे पोहोचू शकत नाहीत अशा मातीच्या कणाकणांतून आपले तंतू पसरवते, तेथील स्फुरद, नत्र आणि पाणी झाडाला आणून देते आणि त्या बदल्यात झाडाने प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेली साखर घेते. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक प्रकार मुळांच्या टोकांभोवती बाहेरून आवरण विणतो, तर दुसरा मुळांच्या पेशींत शिरून तेथे बारीक फांद्या फोडतो. पहिल्या प्रकारच्या बुरशीचे तंतू दुसऱ्या प्रकारची बुरशी बाळगणाऱ्या झाडाशी जुळत नाहीत आणि पुढचा सारा युक्तिवाद याच गोष्टीवर उभा आहे.

त्या काळी ब्रिटिश कोलंबियात जंगलतोडीनंतर डग्लस फरसारखी किफायतशीर सूचिपर्णी झाडे लावत आणि त्यांच्यामध्ये आपोआप उगवणारा पेपर बर्च, म्हणजे आपल्या हिमालयातील भूर्जवृक्षाचा भाऊबंद, तण समजून तोडत किंवा तणनाशकाने मारत. तो फरचा प्रकाश आणि पाणी पळवतो, असा हिशेब त्यामागे होता. सिमार्ड यांना या हिशेबाची शंका आली. दोन्ही झाडांच्या मुळांवर पहिल्या प्रकारच्या, आणि त्यातही कित्येक सामाईक, बुरशी असतात, हे त्यांनी तपासले होते. मग या दोघांत नुसती स्पर्धाच असेल कशावरून?

त्यांनी बर्च आणि फर यांची रोपे जंगलातल्या मातीत शेजारी शेजारी वाढवली. काही फरच्या रोपांवर सावलीसाठी कापड ताणले. नंतर रोपांना हवाबंद पिशव्या घालून एका जातीला कार्बन-१३ आणि दुसरीला कार्बन-१४ असलेला कार्बन डायऑक्साइड दिला. दोन वेगळे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाची रूपे, वापरल्यामुळे कोणाचा कार्बन कोणाकडे किती गेला, हे दोन्ही दिशांनी मोजता आले. कार्बन दोन्हीकडून जात होता, पण वजावट केल्यावर फर फायद्यात राहिला. हा निव्वळ लाभ त्याने स्वतः प्रकाशसंश्लेषणातून घेतलेल्या समस्थानिकाच्या सरासरी सहा टक्के होता आणि सावलीचा त्यावर परिणाम होत होता.

या प्रयोगाचा खरा कस मला तिसऱ्या रोपात दिसतो. बर्च आणि फर यांच्याजवळच वेस्टर्न रेड सीडरचे रोप लावलेले होते. हे झाड आपण बागेत लावतो त्या मोरपंखीच्या कुळातले असून त्याच्या मुळांत दुसऱ्या प्रकारची बुरशी राहते, म्हणजेच शेजाऱ्यांच्या जाळ्यात त्याला शिरकाव नाही. त्याच्याकडे थोडाच कार्बन पोहोचला, त्यामुळे बर्च आणि फर यांच्यातील देवाणघेवाण प्रामुख्याने बुरशीच्या तंतूंतून झाली असावी, असा निष्कर्ष सिमार्ड यांनी काढला. पण तो थोडा कार्बनही शून्य नव्हता. मुळांतून पाझरलेली साखर आणि मातीतून सुटलेला कार्बन डायऑक्साइड यांची एक वेगळी वाटही चालू आहे, हे त्याच रोपाने सांगितले. ज्या तुलनेने निष्कर्षाला आधार दिला तिनेच त्याची मर्यादाही दाखवावी, अशी रचना जमणे फार अवघड असते.

कथा सांगताना सीडर गळून जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी या विषयावर प्रत्यक्ष जंगलात झालेल्या अभ्यासांची कठोर छाननी केली. सामाईक जाळी जंगलांत सर्वत्र आहेत आणि त्यांतून मिळणाऱ्या अन्नाने रोपे अधिक जोमाने वाढतात, या दाव्यांना पुरेसा आधार नाही आणि मोठी झाडे आपल्याच संततीला निवडून मदत करतात, याला तर जंगलातील पुरावाच नाही, असे त्यांनी दाखवले. यातील जोन्स या १९९७ च्या निबंधाच्या सहलेखिका आहेत, हे मला विज्ञानाच्या निकोपपणाचे लक्षण वाटते. अशा अभ्यासांत शेजाऱ्याच्या मुळांत सापडलेला कार्बन झाडाच्या पेशींत पोहोचला की मुळांना वेढलेल्या बुरशीतच राहिला, हा प्रश्नही अजून मिटलेला नाही.

बर्च सरसकट तोडू नये, हे सिमार्ड यांचे म्हणणे मात्र केवळ जाळ्यावर अवलंबून नाही. आर्मिलारिया या मूळकूज करणाऱ्या बुरशीपासून फरला वाचवण्यात बर्चच्या सहवासाचा वाटा असतो, असे त्यांच्या पुढच्या कामातून पुढे आले आहे. कार्बनच्या बाबतीत आता मोजायला हवे ते त्या सहा टक्क्यांचे फलित. पाणी जाऊ देणाऱ्या पण तंतू अडवणाऱ्या बारीक जाळीआड काही रोपे आणि जाळीविना काही रोपे अनेक वर्षे वाढवून, सावलीतला फर त्यामुळे खरोखर अधिक जगतो का, हे पाहावे लागेल, आणि त्या रांगेत सीडरचे रोपही असायलाच हवे.