आमची वाटचाल : रंगावरचा स्क्रू

वडील एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. पत्रा कसा वाकवायचा, रिव्हेट कशी ठोकायची हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. १९९६ साली नागपूरच्या नंदनवन भागात टिनाचं एक शेड भाड्यानं घेतलं आणि कूलर बनवायला लागलो. पहिल्या उन्हाळ्यात ३८ कूलर विकले. सगळे ओळखीपाळखीत गेले.

नागपूरच्या उन्हाबद्दल नागपूरकरांना मी काय सांगणार! पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्यात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर रात्रीही भिंती तापलेल्या असतात. पण हवा कोरडी असते म्हणूनच आपल्याकडे कूलर चालतो. कूलरच्या बाजूंना लावलेल्या ओल्या ताटीतल्या पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. जूनमध्ये पाऊस आला की तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो. त्यामुळे आमचा धंदा तीन महिन्यांचा. मार्च लागला की दिवसरात्र काम, आणि त्या घाईतच आमच्या हातून ती चूक झाली.

२००७ चा मे महिना होता. आमच्या एका कूलरचा शॉक एका सात वर्षांच्या मुलीला लागला. पाणी सांडून फरशी ओली झालेली, पोरगी अनवाणी आणि हात पत्र्याला. झटक्यानं मागे फेकली गेली म्हणून वाचली. मी धावत त्यांच्या घरी गेलो. तिचे वडील ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्हीच उघडून पाहा."

कूलर वर्कशॉपला आणला. पंपाची वायर सोललेली सापडली, म्हणजे करंट पत्र्यात उतरला होता. पण अर्थिंगची तार जागेवर होती, स्क्रूही घट्ट होता. घरातल्या प्लगलाही अर्थिंग बरोबर होतं. मग करंट जमिनीत का गेला नाही? मी आणि माझा मेकॅनिक तासभर डोकं लावत बसलो. आमच्याकडे वाळ्याच्या ताट्या भरणाऱ्या एक ताई होत्या. शाळा चौथीपर्यंत, विजेच्या कामाशी संबंध नाही. त्या हातातली ताटी ठेवून आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, रंगावरच स्क्रू कसला हाय. खालचा रंग खरवडला नाई तं तार लोखंडाले लागन कशी?"

तेच होतं. रंग वीज वाहू देत नाही. आम्ही आधी बॉडी रंगवायचो आणि मग त्यावर अर्थिंगचा स्क्रू मारायचो. भोकाच्या कडेला लोखंड कधी लागायचं, कधी नाही. तार दिसायची, काम करेलच याची खात्री नव्हती. तो स्क्रू मी स्वतः शेकडो वेळा पाहिला होता.

त्या हंगामात तसे २१२ कूलर बाहेर गेले होते. आम्ही नवीन ऑर्डर थांबवल्या आणि घरोघरी फिरलो, महालपासून हिंगण्यापर्यंत. तीन आठवडे लागले. २०३ सापडले. नऊ रोखीनं विकलेले होते, पत्ताच लिहिलेला नव्हता. त्या नऊ कूलरांचं काय झालं हे मला आजही माहीत नाही. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. तशी बातमी वाचली की मी आधी गाव-मोहल्ला पाहतो.

तेव्हापासून पत्ता लिहिल्याशिवाय कूलर शेडाबाहेर जात नाही. अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर घालायचा, मग सिरीज लॅम्प, म्हणजे जोडणी तपासायचा दिवा, लावून तपासायचं. हे काम ताईंकडे दिलं. तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा एक तुकडा त्यांनी चिंधी गुंडाळून मूठ करून घेतला होता. तपासलेल्या कूलरला आत खडूनं फुली. फुली नसेल तर मी मालक असूनही माझ्या सांगण्यावरून त्यांनी एकही कूलर गाडीत चढू दिला नाही. एप्रिलमध्ये गिऱ्हाईक दारात उभं असताना हे सोपं नसतं. माझी त्यांच्याशी दोनदा चांगलीच वादावादी झाली. दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं.

पुढे आमच्या टेम्पोवाल्या काकांनी आपणहून टेस्ट लॅम्प विकत घेतला. त्यांचं म्हणणं, आपण कूलर कितीही चांगला दिला तरी लोकांच्या घरच्या प्लगात अर्थिंग नसेल तर उपयोग काय? थ्री-पिनची वरची जाड पिन थोडी लांब असते, कारण लावताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. पण तिच्या भोकामागे तारच नसलेली घरं काकांना इतकी सापडली की आम्ही नियमच केला: अर्थिंग नसेल तर कूलर ठेवून यायचा, चालू करून द्यायचा नाही. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, जमलं तर ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा. "बाकीचे तं लावून देतात बाप्पा," असं म्हणून काही लोकांनी कूलर परत केले. ते नुकसान आम्ही सोसलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

एक बदल गिऱ्हाइकानं सुचवला. प्रतापनगरच्या एका आजींनी फोन केला. म्हणाल्या, तुमच्या टाकीचं भोक बाजूला आहे, तळाशी बोटभर पाणी राहतंच, आणि ते उलटवायची ताकद माझ्यात नाही. डेंग्यूचा डास वाढायला तेवढं पाणी पुरतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. आम्ही भोक तळाला नेलं आणि टाकीला थोडा उतार दिला. खर्च जवळजवळ नाहीच. टाकी घासणंही गरजेचं आहे, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी राहिली तरी जगतात.

२०२० चा हंगाम लॉकडाऊननं पूर्ण गेला. शेडात कूलर रचलेले आणि रस्ते बंद. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. कुणालाही कामावरून काढलं नाही, आणि ते कामगारांनी अर्ध्या पगारावर दिवस काढले म्हणून शक्य झालं.

ताई आता घरी असतात, गुडघे दुखतात. ब्लेडचा तो तुकडा खिळ्याला टांगलेला आहे, आणि त्यांच्या जागी आलेला मुलगा तोच वापरतो. पाडव्याला ताई येतात, एखादा कूलर उघडायला लावतात आणि वॉशरखाली बोट फिरवून पाहतात.

तुमच्या घरी जुना कूलर असेल तर यंदा पाणी भरायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या. पाणी भरताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. गुढीपाडव्यापर्यंत आमचा माणूस येऊन तपासून देईल. कूलर कुणाचाही असो, पैसे घेत नाही. आणि तुमचा कूलर २००७ च्या उन्हाळ्यात नंदनवनातून रोखीनं घेतलेला असेल, तर कृपा करून आजच कळवा.